मौजेचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी असे समजले असेल की आज महागाई भत्ता, बोनस, नाहीतर बंद पडलेल्या गिरण्या यांवर दोन तास ऐकावे लागणार. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, 'करमणुकीची उद्याने आणि त्यांना सल्ला देणारे लोक'. ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुमचा आणि त्याचा काय संबंध?" हा संबंध आधी सांगतो, कारण मी काही या विषयातला पंडित नव्हे. आठवी झाल्यावर शाळा सुटली, लेथवर उभा राहिलो, आणि पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश मांडीवर घेऊन.

काही वर्षांपूर्वी हमरस्त्यावरच्या एका उद्यानातले कामगार आमच्याकडे आले. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. मोठाले पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खाण्याच्या टपऱ्या असा तो सगळा थाट. पाळणे चालवणारे, झाडूवाले, उपाहारगृहातली पोरे, सगळे कंत्राटदाराच्या कागदावर. उन्हाळ्यात बारा-बारा तास काम आणि पावसाळा लागला की 'घरी जा'. बोलणी सुरू झाली तेव्हा व्यवस्थापनाने टेबलावर एक जाड इंग्रजी बाड ठेवले. उद्यान काढण्यापूर्वी सल्लागारांनी केलेला तो अहवाल होता. "हा धंदाच हंगामी आहे, पाहा, तज्ज्ञांनी लिहिले आहे," असे आम्हांला सांगण्यात आले. मी ते बाड आठ दिवसांसाठी मागून घेतले. पहिल्या पानापासून त्यात एक अजब विद्या होती. माणसे किती येतील, किती वेळ थांबतील, किती खातील, किती रांगेत कंटाळतील, या सगळ्यांचा त्रैराशिकासारखा हिशेब! ही विद्या आली कोठून, हे शोधताना मला एका माणसाचा पत्ता लागला. आज बहुतेक त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

त्याचे नाव हॅरिसन प्राइस. मित्र त्याला 'बझ' म्हणत. जन्म १९२१ चा, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातला. शिक्षणाने यंत्र-अभियंता, पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यापारव्यवस्थापनाची पदवी घेतली आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेच्या लॉस एंजल्स येथील शाखेत नोकरीस लागला. १९५३ साली चित्रपटवाला वॉल्ट डिस्ने या संस्थेकडे आला. त्याच्या डोक्यात एक उद्यान होते. ते कोठे बांधावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. प्राइस तेव्हा बत्तीस वर्षांचा. त्याने डिस्नेला विचारले, "जागेविषयी तुमचे स्वतःचे काही मत आहे का?" डिस्नेने उत्तर दिले की ते तूच सांगायचे. मला हे उत्तर फार आवडले. पुष्कळ मालक सल्लागार नेमतात ते आपलेच मत दुसऱ्याच्या सहीने परत मिळावे म्हणून.

प्राइसने काय केले? लॉस एंजल्स परिसराची लोकवस्ती नकाशावर मांडली आणि तिचा गुरुत्वमध्य काढला. वस्ती सरकत होती, तेव्हा तो मध्यही सरकत होता. आज कोठे आहे यापेक्षा पुढे कोठे जाईल हे त्याने पाहिले. मग पाऊस, तापमान आणि धुरकट हवा यांची कोष्टके घेतली. नवे हमरस्ते कोठून जाणार, जमीन काय भावाने मिळेल, पाणी-वीज आहे का, हे पाहिले. एकेक भाग गाळत गाळत तो ऑरेंज परगण्यात आला आणि अनाहाइम या लहानशा गावाजवळ थांबला. तेथे संत्र्यांच्या बागा होत्या आणि शेजारून नवा हमरस्ता जात होता. सुमारे १६० एकरांची ती जागा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला आणि डिस्नेने तो मानला.

या धंद्यातला एक साधा नियम येथेच सांगून टाकतो. उद्यानाभोवती पन्नास मैलांचे वर्तुळ काढा, नंतर शंभर मैलांचे. पहिल्या वर्तुळातला माणूस सकाळी निघून रात्री घरी परततो. दुसऱ्यातला क्वचित येतो. त्यापलीकडून येतो तो प्रवासी. समुद्रकाठी उद्यान काढले तर अर्धे वर्तुळ पाण्यात जाते, आणि मासे काही तिकीट काढीत नाहीत. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, तेव्हा मुंबईतून गेलेल्यांना आठवत असेल, खाडी ओलांडायला बोटीत बसावे लागे. मुलांना ती बोटच अर्धी मौज वाटे हे खरे; तथापि कोष्टक मांडणाऱ्याच्या दृष्टीने ती मौज नव्हे, अडथळा.

जागा ठरली, पण बांधायचे ते चालेल काय? १९५३ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे जत्रा-उद्यानवाल्यांचे अधिवेशन भरले होते. प्राइस आणि त्याचे सोबती डिस्नेचे चित्र घेऊन तेथे गेले आणि धंद्यातल्या मुरलेल्या मंडळींसमोर त्यांनी ते मांडले. सगळ्यांनी माना हलवल्या. मोठा चक्री पाळणा नाही, पैसे ओढणारे खेळ नाहीत, मधोमध किल्ला बांधणार म्हणता, तो कमावणार काय? फाटक एकच, बागबगीच्यावर एवढा खर्च, आणि बारा महिने चालवणार? पैसे बुडतील. हे लोक मूर्ख नव्हते. आपला धंदा त्यांना हाताच्या तळव्यासारखा ठाऊक होता. परंतु त्यांचा धंदा होता गावात येऊन चार दिवसांत खिसा रिकामा करण्याचा, आणि डिस्नेला माणूस आठ तास आत ठेवायचा होता. जो आठ तास थांबतो तो जेवतो, मुलांना टोपी घेतो, दमल्यावर बाकावर बसून थंड पितो, आणि पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन येतो. किल्ला स्वतः काही कमावत नाही, पण थांबवतो. आपल्या जत्रेतही देवळाच्या कळसाला तिकीट नसते. नारळ, पेढे आणि पाळणे त्याच्या जिवावर खपतात.

१७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. खर्च झाला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. प्राइसच्या संस्थेचा आडाखा वर्षाला पंचवीस ते तीस लाख माणसांचा होता. पहिल्या वर्षी आली सुमारे छत्तीस लाख. अंदाज चुकला, पण मालकाला आवडेल अशा बाजूला चुकला.

उद्घाटनाचा दिवस मात्र फजितीचा गेला. निमंत्रणे अकरा हजारांच्या आसपास, आणि खोटी तिकिटे छापली गेल्यामुळे माणसे जमली अठ्ठावीस हजार. उन्हाने नवे डांबर मऊ झाले आणि बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. आणि प्यायला पाणी नाही! त्याआधी नळकामगारांचा संप झाला होता, त्यामुळे काम मागे पडले. पिण्याचे नळ पुरे करायचे की शौचकूप, एवढाच पर्याय उरला आणि डिस्नेने शौचकूप निवडले. लोक म्हणाले, थंड पेये खपावीत म्हणून नळ बंद ठेवले. खरे कारण असे की गुरुत्वमध्य, पाऊस आणि हमरस्ते सगळे कोष्टकात होते, नळ जोडणारा माणूस त्यात नव्हता. चौदा वर्षांपूर्वी, १९४१ च्या मे महिन्यात, याच डिस्नेच्या स्टुडिओत चित्रकारांनी मोठा संप केला होता. म्हणजे त्याला हे अगदी नवे होते असेही नव्हे.

असो. प्राइसकडे परत येऊ. १९५८ साली त्याने डिस्नेच्याच प्रोत्साहनाने स्वतःची संस्था काढली, इकॉनॉमिक्स रिसर्च असोसिएट्स. सल्ला देणे हाच धंदा. डिस्नेसाठी त्याने शंभराहून अधिक अभ्यास केले. फ्लॉरिडाची जागा शोधण्यातही त्याच्या संस्थेचे आडाखे होते. तेथे मोटारीने उतरणाऱ्या प्रवाशांचे रस्ते जेथे मिळतात ते ऑर्लँडो शहर हेरले गेले, सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप विकत घेतली गेली आणि १९६५ च्या नोव्हेंबरात बेत जाहीर झाला. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारला. उद्यान उघडले १ ऑक्टोबर १९७१ ला. गुपचूप का, हे सांगायला नको. आपल्याकडे रस्ता कोठून जाणार याची कुणकुण लागली की सातबाऱ्यावर काय गर्दी होते ते आपण जाणताच. प्राइस २०१० साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. त्यापूर्वी २००४ मध्ये त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले.

त्याची एक शिकवण मी माझ्या कार्यकर्त्यांना सांगतो. तो म्हणे, सल्लागाराने 'नाही, कारण' असे म्हणू नये. 'होय, जर' असे म्हणावे. 'नाही' म्हटले की दार बंद. 'होय, जर रस्ता झाला, जर भांडवल इतके मिळाले' म्हटले की समोरचा अटींवर विचार करू लागतो. आम्हां युनियनवाल्यांना 'नाही'ची सवय फार. ती काही वेळा लागतेच, पण सगळीच बोलणी तिच्यावर चालत नाहीत.

सल्लागारांतही दोन जाती असतात. शिकागोला प्राइसच्या सोबत सी. व्ही. वुड नावाचा गृहस्थ होता. बोलका, धडाडीचा. डिस्नेलँडच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा. पुढे डिस्नेपासून वेगळा होऊन तो गावोगाव तशीच उद्याने काढून देऊ लागला. १९६० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, दलदलीच्या जमिनीवर, त्याच्या योजनेचे फ्रीडमलँड उघडले. कॅलिफोर्नियात बारा महिने ऊन. न्यूयॉर्कात हिवाळा म्हणजे बर्फ. पाच हंगामांत, १९६४ ला, दिवाळे निघाले. पण त्या जमिनीची पुढची कथा मला त्या सगळ्या उद्यानांहून गोड वाटते. शिवणकामगारांच्या चळवळीतून वर आलेल्या अब्राहम काझान याची एक गृहनिर्माण संघटना होती, मजूर संघटनांच्या पाठबळावर उभी. तिने त्याच जागेवर को-ऑप सिटी ही सहकारी वसाहत बांधली. पंधरा हजारांहून अधिक घरे! कोणा सल्लागाराने पाळण्यांसाठी पाहिलेल्या जागेवर कामकऱ्यांच्या खिडक्यांत दिवे लागले. पुढे भाडेवाढीवरून त्या रहिवाशांनी आपल्याच संघटनेविरुद्ध लढा दिला, तेही सांगितले पाहिजे.

आता ते त्रैराशिक. माझ्या बाडात ते होते आणि त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून दोन मिनिटे आकडे सोसा. समजा, उद्यानात वर्षाला दहा लाख माणसे येणार. सगळ्यांत गर्दीचा महिना मे; त्यात पंधरा टक्के, म्हणजे दीड लाख. आठवड्याला सुमारे चौतीस हजार. रविवारी आठवड्यातले बावीस टक्के धरा, साडेसात हजार. हे सगळे एका वेळी आत नसतात. कोणी सकाळी येतो, कोणी दुपारी जातो. ऐन गर्दीच्या घटकेला सत्तर टक्के धरले तर सव्वापाच हजार. प्रत्येकाला तासाला निदान दीड खेळ मिळाला नाही तर तो रांगेत वैतागतो. म्हणजे सर्व पाळण्यांवर मिळून तासाला आठ हजार जागा हव्यात. यावरून किती पाळणे, किती ताटे, किती मुताऱ्या, मोटारींना किती जागा, सगळे निघते.

यातली खुबी अशी की हा साडेसात हजारांचा दिवस वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस नव्हे. मे महिन्यातल्या एखाद्या जोडून आलेल्या सुटीला दहा हजारही येतील. पण त्या एका दिवसासाठी बांधले तर उरलेले वर्षभर यंत्रे गंजत उभी राहतात. म्हणून शहाणा सल्लागार गर्दीच्या क्रमाने पंधरावा-विसावा दिवस धरतो आणि त्याच्या वरच्या दिवसांना लोकांना थोडे रांगेत उभे करतो. आपली एस. टी. हेच करते. आषाढीला लागतील तेवढ्या गाड्या कोणी विकत घेत नाही; इतर आगारांतून जादा गाड्या ओढतात. फरक एवढाच की पंढरपूरला गेलेला ड्रायव्हर द्वादशीनंतर आपल्या आगारात परत येतो, त्याचा पगार चालू असतो. उद्यानातला जादा माणूस पावसाळ्यात कोणत्या आगारात परत जाणार?

त्या बाडात दोनशेवर पाने होती. पाहुण्याविषयी इतकी बारीक माहिती, की तो किती पावले चालल्यावर बसायला बाक शोधतो इथवर. कामगार फक्त खर्चाच्या कोष्टकात, टक्केवारीने. येथे मी प्राइसला दोष देत नाही. ज्याने प्रश्न विचारायला पैसे दिले त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. पण हा विसर महाग पडतो, आणि तो कोणाला पडतो ते अनाहाइमलाच पाहा. १९८४ साली डिस्नेलँडचे कामगार बावीस दिवस संपावर होते. १९९७ मध्ये गावाने परिसर सुधारण्यासाठी, वाहनतळ बांधण्यासाठी ५१ कोटी डॉलरांचे रोखे काढले. २०१८ साली तेथील युनियनांनी एका महाविद्यालयाच्या आणि एका संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांकडून पाहणी करवली. सुमारे पाच हजार कामगारांनी उत्तरे दिली. त्यांतल्या दर दहांतल्या एकाने सांगितले की गेल्या दोन वर्षांत कधी ना कधी आपण बेघर होतो. पाहणी युनियनांनी करवली होती, तेव्हा कंपनीने ती मानली नाही हे ओघानेच आले. मग त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदानाने ठराव केला: गावाकडून सवलत घेणाऱ्या अशा धंद्यांनी तासाला निदान पंधरा डॉलर द्यावेत आणि दर वर्षी ते वाढवावेत. ठराव आपल्याला लागू नाही असे कंपनीचे म्हणणे होते. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो लागू आहे असे सांगितले आणि २०२४ च्या अखेरीस तडजोड झाली, २३ कोटी ३० लाख डॉलरांची. त्याच २०२४ च्या मे महिन्यात उंदीर, बदक आणि राजकन्या यांचे वेष घालणाऱ्या कलाकारांनी युनियनसाठी मतदान केले. बाजूने ९५३, विरुद्ध २५८.

आमच्या टेबलावरची गोष्ट याहून लहान आहे. आठ दिवसांनी मी बाड परत नेले आणि एक पान उघडले. महिन्यामहिन्याचे कोष्टक होते. सर्वांत मंदीच्या महिन्यात, म्हणजे ऐन जुलैत, किती माणसे कामावर लागतील तो आकडा सल्लागाराने स्वतःच लिहिला होता. मी म्हटले, "साहेब, मेमधली गर्दी हंगामी, मान्य. पण जुलैत जी माणसे लागतात ती कोणत्या हंगामाची? ती तर बारमाही झाली." व्यवस्थापक गप्प. त्यांच्या बाजूला अहवाल करणाऱ्या कंपनीचा एक तरुण मुलगा बसला होता, चष्मेवाला, माझ्या धाकट्याच्या वयाचा. तो जरा पुढे वाकून म्हणाला, "काका, तो आकडा कमीच आहे. पावसात पाळणे बंद असतात तेव्हाच तर ते उघडून ग्रीस घालायचे, बेअरिंग तपासायचे. ते केले नाही तर मेमध्ये माणसे वर बसवता येत नाहीत." व्यवस्थापकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की मला त्या पोराची काळजी वाटली. पण तो खरे बोलला होता आणि कोष्टक त्याचेच होते.

त्यावर बोलणी चार महिने चालली. जुलैच्या आकड्याएवढी माणसे उद्यानाच्या स्वतःच्या मस्टरवर आली. बाकीच्यांना पुढच्या हंगामात आधी बोलावण्याचे लेखी मिळाले. सगळे मिळाले नाही. बारा तासांचे नऊ झाले, पण रांगेजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला डोक्यावर सावली हवी, हे कलम त्यांनी 'पाहू' म्हणून ठेवले आणि आम्हीही दमून ते सोडले. ती माझी चूक होती.

यादी करताना एक नाव कोणत्याच रकान्यात बसेना. अस्वलाचा वेष घालून फाटकाशी उभा राहणारा एक मुलगा. लहान मुले त्याला मिठ्या मारीत, आईबाप फोटो काढीत. मेच्या उन्हात आत घामाने चिंब होऊन तो दर अर्ध्या तासाने भिंतीआड जाऊन मुंडके काढून बसे. पाळणेवाल्यांत तो नव्हता, सफाईत नव्हता, उपाहारगृहात नव्हता. शेवटी हिशेबनिसाने वह्या चाळून त्याचा पगार शोधून काढला. तो 'सजावट' या सदराखाली, झिरमिळ्या आणि फुगे यांच्या बिलात लिहिला जात होता. त्याला माणसांच्या मस्टरवर आणायला आणखी दोन हंगाम लागले.